अण्णांच्या घरचे नापास सेट

अण्णा पगाऱ्यांना आवाज नव्हता. आणि कुठल्या रेडिओचा आवाज चांगला हे ठरवायची वेळ आली, की आमच्या भागातले लोक त्यांच्याच दारात जाऊन उभे राहायचे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

सत्तरचं दशक निम्मं सरलं असेल. मी सटाण्याहून येऊन नाशकात पाटबंधारे खात्याच्या कचेरीत नवा नवा चिकटलो होतो. माझ्या समोरचं टेबल अण्णांचं. सावळा रंग, भरलेलं अंग, आणि छाती अशी की हा माणूस बोलला तर खिडकीच्या काचा वाजतील असं वाटावं. मी नमस्कार करून नाव सांगितलं. त्यांनी तोंड उघडलं आणि आतून नुसती फुंकर आली, “या देवरे, बसा.” मला वाटलं, काहीतरी गुपित आहे. मीही खाली वाकलो आणि तितक्याच हळू म्हणालो, “हो, बसतो.”

“तुम्ही का कुजबुजताय?” अण्णा म्हणाले. “तुमचा गळा शाबूत आहे ना? मग वापरा की!”

पण ते कुणालाच जमायचं नाही. समोरचा माणूस कुजबुजतो म्हटल्यावर आपलाही आवाज आपोआप खाली येतो. एकदा आमच्या साहेबांनी कसल्याशा चुकीबद्दल त्यांना चांगलं फैलावर घ्यायचं ठरवलं. साहेब तापट. अण्णा समोर उभे राहिले आणि म्हणाले, “साहेब, माझं ऐकून घ्या.” पुढची दहा मिनिटं त्या दोघांची जी भांडणं झाली, ती दाराला कान लावूनही कुणाला ऐकू आली नाहीत. साहेब लालबुंद होऊन, टेबलावर मूठ आपटून, कुजबुजत रागावत होते. बाहेर येऊन अण्णा म्हणाले, “साहेबांचा घसा बसलाय वाटतं.”

अण्णांच्या घशात गाठ झाली होती, मुंबईला ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. हे सगळं मी यायच्या आधीचं. त्यापूर्वी अण्णांची गायन पार्टी होती. जयंतीचे दिवस आले की त्यांना घरी जेवायला फुरसत नसे, मनमाडपासून इगतपुरीपर्यंत बोलावणी यायची. कचेरीतले जुने लोक सांगत, की एकदा ऐन कार्यक्रमात माईक बंद पडला, तर अण्णांनी तो बाजूला ठेवला आणि गाणं पुढं चालू. मागच्या रांगेतल्या लोकांना माईक गेल्याचं कळलंसुद्धा नाही. मी हे ऐकायचो आणि समोरच्या टेबलावरच्या फुंकरीकडे बघायचो. विश्वास ठेवायचो, पण तो मनापासून बसायचा नाही.

आता रेडिओचं. अण्णांचं घर द्वारका चौकाच्या अलीकडच्या एका वसाहतीत, दोन खोल्यांचं. आतली खोली स्वयंपाकाची, बाहेरची सेटांची. तिथं माणसांनी कुठं बसायचं हा प्रश्न पाहुण्यानं स्वतः सोडवायचा. खिडकीपाशी लाकडी पेटीचा जुना डच रेडिओ, त्याच्या शेजारी जर्मन, खाली जमिनीवर एक उघडा पडलेला, पोटातल्या तारा बाहेर आलेला. सगळे व्हॉल्व्हचे. आतल्या काचेच्या नळ्या तापून लाल झाल्याशिवाय तोंडातून शब्द न काढणारे. तो काळ असा, की लोकांना ट्रान्झिस्टरचं वेड लागलं होतं. बटण दाबलं की लगेच बोलतो, काखोटीला मारून नेता येतो, अजून काय पाहिजे? त्यामुळं व्हॉल्व्हचे भले भले सेट लोक माळ्यावर टाकत होते आणि अण्णा ते उतरवून आणत होते.

“गाणं काय, कशावरही बरं लागतं,” ते म्हणायचे. “माणूस बोलायला लागला की सेट उघडा पडतो.”

म्हणून त्यांची पहिली परीक्षा बातम्यांची. बातम्या देणारा माणूस खोलीत बसून बोलतोय असं वाटलं पाहिजे, डब्यात बसून नव्हे. दुसरी परीक्षा ढोलकीची. थाप पडली की कातड्यावरची शाई वाजते का नुसतं लाकूड, ते बघायचं. त्याआधी सेट चांगला तापू द्यायचा. किती? तर वहिनींनी भात चुलीवर ठेवला की सेट चालू करायचा आणि भाताला वाफ आली की ऐकायला बसायचं. रविवारची सकाळ ठरलेली, कारण तेव्हा व्होल्टेज बरं असायचं.

ऐकायची रीतही ठरलेली होती. खुर्च्या भिंतीकडे तोंड करून मांडायच्या. सेटकडे पाठ. “पॉलिशचा नि दिव्यांचा आवाजाशी संबंध नाही,” अण्णा म्हणायचे. “दिवेच बघायचे असतील तर संध्याकाळी इथल्या गंगेच्या घाटावर जा.” मग आम्ही तीन-चार कर्ते पुरुष रविवारी सकाळी अंघोळ करून भिंतीकडे तोंड करून बसायचो, आणि मागं अण्णा तारा बदलायचे, एकदा हा सेट, एकदा तो. कुठला वाजतोय ते सांगायचे नाहीत. एकदा माझे वडील गावाहून आले होते, मला शोधत थेट तिथंच पोचले. दारात उभं राहून त्यांनी आमच्या पाठी बघितल्या आणि म्हणाले, “काय रे, मास्तरनी शिक्षा करी का तुमले?”

दोन परीक्षांत पास झालेल्या सेटसाठी तिसरी परीक्षा होती. तिच्यासाठी अण्णा कपाटातून एक पत्र्याचा डबा काढायचे. डब्यात मऊ कापडात गुंडाळलेलं टेपच्या फितीचं स्पूल. जुन्या मोठ्या टेपरेकॉर्डरवर लावायचं, टेपरेकॉर्डरची तार सेटला जोडायची. त्या स्पूलवर अण्णा होते. ऑपरेशनच्या आधीच्या कुठल्याशा जयंतीला, ह्याच वसाहतीतल्या मंडपात कुणीतरी हौसेनं भरून घेतलेली तीन गाणी. अण्णांच्या आवाजाची जगात तेवढीच खूण शिल्लक होती.

मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा माझी पाठ सेटकडे होती हे बरं झालं. मोकळा, उंच, किंचित धारदार आवाज. शब्द असा यायचा की प्रत्येकाला वाटावं, मलाच सांगतोय. मला त्या माईकच्या गोष्टीवर त्या क्षणी विश्वास बसला. मागं वळून बघितलं, तर अण्णा सेटपुढं गुडघे टेकून बसले होते, डोळे मिटून. एक कडवं संपलं, त्यांनी मान हलवली आणि टेप बंद केला.

“नापास.”

“नापास?” मी ओरडलोच. “अण्णा, काय आवाज आहे!”

“आवाज बरा आहे,” ते म्हणाले, “पण हा माझा नाही. माझ्या आवाजाला खाली पाया होता देवरे. इथं, छातीत घुमायचा. हा नुसता वरचा मजला ऐकू येतोय. पाया फितीत आहे, पण सेट तो उचलत नाही.”

हा त्यांचा ध्यास होता. आपला आवाज, जसा होता तसा, एकदा ऐकायचा. त्यासाठी एकाहून एक सेट आणायचे, तपासायचे, नापास करायचे. आणि नापास झालेला सेट, ज्याला हवा त्याला, आणला त्याच भावात देऊन टाकायचे. गंमत अशी, की तो सेट त्या तिसऱ्या परीक्षेपुरता नापास असायचा, बाकी सोन्यासारखा. आज आमच्या भागात ज्यांच्या घरी जुने चांगले सेट आहेत, ते सगळे अण्णांनी नापास केलेले आहेत.

पण फीत झिजत होती. दर वेळी वाजली की टेपरेकॉर्डरच्या तोंडावर तपकिरी भुकटी साठायची. अण्णा ती कापसानं पुसायचे आणि कापसाकडे बघत राहायचे. ती भुकटी म्हणजे त्यांचाच आवाज होता. म्हणूनच पहिल्या दोन परीक्षा इतक्या कडक. उगीच कुठल्याही सेटवर फीत वाया घालवायची नाही. आणि वाजवायचं ते फक्त पहिलं कडवं. मी एकदा सुचवलं, कॅसेटवर उतरवून घेऊ. “उतरवलेल्यात पाया राहील का?” त्यांनी विचारलं. मला काय माहीत? विषय तिथंच संपला. सेट आधी सापडतो का फीत आधी संपते, अशी ती शर्यत लागलेली होती, आणि आम्ही दर रविवारी ती भिंतीकडे तोंड करून बघत होतो.

त्या शोधात आम्ही लासलगावला गेलो तो दिवस मी विसरणार नाही. एका कांद्याच्या व्यापाऱ्याकडे अमेरिकन रिसीव्हर असल्याची बातमी होती. रिसीव्हर म्हणजे रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकाच पेटीत, आणि स्पीकर दोन, वेगळे. स्टिरिओ. शेठनं तो पोराच्या लग्नात मुंबईहून आणलेला, पण लावता कुणालाच येत नव्हता. मग गादीशेजारी भरतकामाचं कापड घालून ठेवला होता, आणि दसऱ्याला त्याला झेंडूची माळ घालत.

“लय जड हाय,” शेठ कौतुकानं म्हणाला. “दोन गडी लागत्यात उचलाया. हलका माल नाय.”

अण्णा त्याच्या कानाशी वाकले. “शेठ, द्यायचा आहे का?”

दिवसभर लिलावात बोंबलणाऱ्या माणसांच्या गावात कुणी एवढ्या हळू भाव विचारला, की त्याचा एकच अर्थ, माल भारी आहे. शेठनं इकडं तिकडं बघितलं आणि तोही कुजबुजायला लागला. ते बघून दोन हमाल जवळ सरकले. शेजारच्या खळ्यावरचा व्यापारी कांदा टाकून आला. “काय हाय वो त्याच्यात? सोनं लागतं म्हणं असल्या डब्यात?” शेठचा भाव बघता बघता चढायला लागला. “तसं काही नाही,” अण्णा कळवळून कुजबुजले, “मला आवाज नाही.” कुजबुजून सांगितल्यावर कोण ऐकतो? उलट शेठनं बैलबाजारातल्यासारखं उपरणं काढलं, हातावर टाकलं आणि हात पुढं केला, “घ्या, बोटावर भाव सांगा. बाहेर नाय फुटणार.” आणि अण्णांनी खरोखर उपरण्याखाली हात घातला.

शेवटी मीच ओरडलो, “अहो, त्यांचं घशाचं ऑपरेशन झालंय!”

शेठचा हात अजून उपरण्याखाली अण्णांच्या हातात होता. तो ओशाळला. भाव पहिल्या आकड्यावर आला, चहा आला, आणि निघताना एक गोणी कांदा गाडीत टाकून तो म्हणाला, “कच्चा खा रोज. घशाला चांगला ऱ्हातो.” परतताना अण्णा इतके हसले, इतके हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. आवाज मात्र नाही. आवाज न करता हसणारा माणूस बघणाऱ्याला जरा रडवतो.

मग एका रविवारी तीन सेटांची जंगी परीक्षा झाली. जर्मन, हा अमेरिकन, आणि देवळालीच्या एका निवृत्त अधिकाऱ्याकडून आणलेला जपानी. स्पीकर तेच, खुर्च्या त्याच, भिंत तीच. अण्णांचा निकाल असा: जर्मनावर माणूस बोलला की समोर बसून बोलतो, पण ढोलकी वाजवली की तो हेडमास्तरासारखा आक्रसतो. अमेरिकनाला ढोलकी दिली की भिंत हलते, पण वीज पितो, खोली तापवतो, आणि एखादा व्हॉल्व्ह गेला तर मुंबईत दिवसभर पायपीट. जपानी दोघांच्या मधला. बोलण्यात जर्मनाला उणा नाही, ढोलकीत अमेरिकनाच्या जवळ जातो, आणि त्याचे व्हॉल्व्ह इथं मेन रोडला मिळतात.

“सगळ्यात चांगला आवाज अमेरिकनाचा,” अण्णा म्हणाले, “पण सगळ्यात चांगला सेट जपानी. कौतुकाचा जावई वेगळा नि घरात वागवायचा मुलगा वेगळा.”

जपानी माझ्याकडं आला. अजून आहे. अर्थात तिसऱ्या परीक्षेत तिघेही नापास.

या परीक्षांच्या वेळी सुगंधावहिनी आत असायच्या. त्या बालवाडीत शिकवायच्या, रविवारचा एकच दिवस त्यांना घरी मिळायचा, आणि तो आमच्या भाकऱ्यांत जायचा. बातम्या लागायच्या, ढोलकी लागायची, आत भाकरी थापल्याचा आवाज एका लयीत चालू. तिसऱ्या परीक्षेला फीत सुरू झाली की तो आवाज थांबायचा. अण्णांनी मान हलवून टेप बंद केला की थोड्या वेळानं पुन्हा सुरू व्हायचा. अण्णांच्या हे कधी ध्यानात आलं नसावं, त्यांचं तोंड सेटकडं असायचं.

मला त्याचा अर्थ लागला तो एका निरोप समारंभामुळं. कचेरीतल्या कुणीतरी नवा टू-इन-वन आणला होता आणि सगळ्यांची भाषणं कॅसेटवर भरून घेतली. दुसऱ्या दिवशी माझं लागलं. मी म्हटलं, “हा कोण चिरक्या?” सगळे हसले. “देवरे, तुम्हीच की! अगदी हुबेहूब.” मी मानायला तयार नाही. माझा आवाज एवढा पातळ? एवढा नाकातला? मी अण्णांकडं न्याय मागितला. त्यांनी कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, “शंभर टक्के तुमचा. नाक थोडं आहे, पण ते रोजच असतं.”

“पण अण्णा, मला आतून असा ऐकू येत नाही. मला तो भरदार वाटतो.”

“आतून सगळ्यांनाच वाटतो,” ते म्हणाले.

आणि थांबले. मी त्यांच्याकडं बघत होतो, ते माझ्याकडं. मी धीर करून म्हणालो, “मग अण्णा, तुमचासुद्धा—”

“मी गाणारा होतो,” ते म्हणाले. “बोलणारा स्वतःला ऐकत नाही. गाणारा ऐकतो.” आणि त्यांनी एक फाइल ओढून तिच्यात डोकं घातलं.

मी वहिनींना विचारलं. त्या बालवाडीतून येताना रस्त्यात भेटल्या होत्या. “त्या टेपवरचा आवाज कसा आहे वहिनी, खरं सांगा.”

“तोच आहे भाऊजी,” त्या म्हणाल्या. “पहिल्या डच रेडिओवर लावला तेव्हाच ओळखला मी. सांगितलंही. तर म्हणाले, तू माझी बायको, तू वाईट कशाला बोलशील? वसाहतीतल्या लोकांनी सांगितलं, तर म्हणाले, लोक मयताच्या घरी चांगलंच बोलतात.”

“मग तुम्ही धरून का नाही बसलात?”

त्या चालता चालता थांबल्या. “ऑपरेशननंतर कित्येक महिने हे भिंतीकडे तोंड करून बसायचे. नुसते. आता भिंतीकडे तोंड करून बसतात, पण काहीतरी ऐकायला बसतात. चार माणसं असतात सोबत. माझं काही म्हणणं नाही.” मग म्हणाल्या, “फक्त ती फीत संपत आलीय हो. मला दर रविवारी एकच कडवं मिळतं, तेही नापास म्हणून बंद करतात. ती संपली म्हणजे मला काय राहिलं?”

शर्यतीत वहिनीही होत्या, आणि त्यांच्याकडं कुणी बघतच नव्हतं.

ऐंशीचं दशक लागलं होतं. देवळालीच्या एका बंगल्यातल्या वृद्ध पारशी बाईंनी अण्णांना एक विलायती रिसीव्हर दिला. बाईंचे यजमान गेल्यापासून तो बंद होता. अण्णा महिनाभर त्याच्यापुढं बसले, एकेक व्हॉल्व्ह तपासला, दोन बदलले. मी आजवर तसा आवाज ऐकला नाही. बातम्या लागल्या तर मी खरोखर वळून बघितलं, कोण आलं म्हणून. ढोलकी लागली तर पोटात वाजली. “यात नसेल,” ते म्हणाले, “तर कशातच नाही.”

दार उघडं होतं, उन्हाळ्याचे दिवस. भाताला वाफ आली. डबा निघाला, फीत लागली. आतला भाकरीचा आवाज थांबला.

तो आवाज खोलीभर उभा राहिला. फितीवर आता खरखर होती, एखादा शब्द पुसट व्हायचा, तरी मी खुर्ची वळवून बसलो. अण्णा गुडघ्यावर बसून ऐकत होते. कडवं संपत आलं, आणि त्यांनी मान हलवली. हळूच, पहिल्यांदाच अगदी हरल्यासारखी. बटणाकडं हात गेला.

“रघ्याऽ! ए रघ्या! थांबू नको रं!”

गल्लीतून हाक आली. रघ्या म्हणजे अण्णाच, पण त्यांना अशी हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती. दारात एक म्हातारा चौकट चाचपत उभा होता. धोतर, हातात पिशवी, डोळे पांढुरके. आम्ही कुणी ओळखलं नाही. वहिनी हाताला पीठ तसंच घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “अगं बाई, किसनदादा!”

किसनदादा म्हणजे अण्णांच्या पार्टीतला ढोलकीवाला. येवल्याचा. ऑपरेशनच्या आधीच पार्टी सोडून पैठणीच्या मागावर बसला आणि डोळे जायला लागेपर्यंत बसला. आता मोतीबिंदू दाखवायला नाशकात आला होता. अण्णांची नि त्याची बारा-पंधरा वर्षांत गाठ नव्हती.

“घर इचारीत हिंडत व्हतो,” तो हसत म्हणाला. “कोपऱ्यावर आलो आन आवाज कानावं आला. म्हनलं आता कशाला कुनाला इचारू? आवाजामागं आलो सरळ. आन लोक काय सांगत्यात, रघ्याचा आवाज गेला. खोटारडे!”

अण्णा उठले, त्याच्या समोर जाऊन उभे राहिले. काहीतरी बोलले, पण फुंकरच ती, टेप चालू असताना किसनदादाला ऐकू जाणार कशी? त्यानं हात पुढं करून अण्णांची छाती चाचपली. मोठा देह समोर उभा, आणि गाणं मागून येतंय.

“तू हितं,” तो गोंधळून म्हणाला, “मंग गातंय कोन?”

“टेप आहे दादा,” वहिनी म्हणाल्या. “आवाज गेलाय त्यांचा. खरंच गेलाय.”

किसनदादा पिशवी खाली ठेवून सेटच्या आवाजाच्या रोखानं सरकला, जमिनीवर बसला आणि मांडीवर ठेका धरला. टेपवरची ढोलकी आणि त्याची बोटं एकदम पडत होती. “ही मी हाय,” तो म्हणाला. “हितं जरा घाई केली व्हती मी, तू डोळे वटारलं व्हतं.”

अण्णा त्याच्या शेजारी बसले. त्याच्या कानाशी तोंड नेऊन त्यांनी विचारलं, “किसन, हा माझा आवाज आहे?”

“मंग कोनाचा?”

“माझ्या आवाजाला पाया होता रे. खाली घुमायचा.”

“तुला घुमत आसंल,” किसनदादा म्हणाला. “आमाला ह्योच यायचा. मनमाडला ह्योच, इगतपुरीला ह्योच. ह्योच ऐकून लोक रडायचे. दुसरा कोन्ता व्हता?”

टेप चालूच होता. पहिलं कडवं केव्हाच मागं पडलं होतं. इतक्या वर्षांत आम्ही कुणी न ऐकलेलं दुसरं कडवं आलं, तिसरं आलं. अण्णांनी बटणाला हात लावला नाही. ते रडत होते, मीही रडत होतो. वहिनी दाराला टेकून, पिठाचे हात तसेच धरून, इतक्या वर्षांनी पुरतं गाणं ऐकत होत्या. गाणं संपल्यावर अण्णा म्हणाले, “थोडा नाकात आहे.”

“पैल्यापासून,” किसनदादा म्हणाला.

त्यानंतर अण्णांनी सेट आणले नाहीत. होते तेही वाटून टाकले. विलायती रिसीव्हर पारशी बाईंना नेऊन दिला, जोडून, त्यांच्या यजमानांची आवडती रेकॉर्ड लावून दिली, आणि बाईंना भिंतीकडे तोंड करून बसवून आले म्हणे. घरात राहिला तो फक्त पहिला डच रेडिओ. वहिनींनी ज्याच्यावर आवाज ओळखला होता तो.

माझी बदली मालेगावला झाली. एकदा कामानं नाशकात आलो, तेव्हा संध्याकाळी अण्णांकडं गेलो. वसाहतीच्या गल्लीत वळलो तर अण्णा आपल्या घरासमोरच्या भिंतीला टेकून रस्त्यावर उभे. हातात मेथीची जुडी डोकावणारी पिशवी. मला वाटलं, घराला कुलूप असेल. पण दार उघडं होतं, आत दिवा होता, आणि डच रेडिओवर फीत चालू होती. वहिनींनीच लावली होती. आता पुष्कळ शब्द पुसले गेले होते. जिथं शब्द हरवायचा तिथं आतून वहिनी तो हळूच पुरा करायच्या, भाकरी थापता थापता.

“आत नाही जायचं?” मी विचारलं.

“लोक इथूनच ऐकायचे,” अण्णा कुजबुजले. “मंडपाच्या बाहेर उभे राहून. इथून बरं येतं.”

मी त्यांच्या शेजारी भिंतीला टेकलो. गल्लीतून एक सायकलवाला गेला, तोही जरा हळू झाला. आम्ही गाणं संपेपर्यंत उभे राहिलो. मग अण्णा दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसे म्हणाले, “गडी बरा गायचा, नाही?”

मी सवयीनं कुजबुजत ‘हो’ म्हणणार होतो. पण त्यांना ते कधीच आवडायचं नाही. म्हणून चांगलं मोठ्यानं, आत वहिनींना ऐकू जाईल असं म्हणालो, “फार सुंदर गायचा, अण्णा!”